सतरा दिवसांचा हुकूम, चौदा दिवसांचा कायदा : ‘बोल्स विरुद्ध रसेल’ निकालाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १४ जून २००७ रोजी हा निकाल दिला. फेडरल (केंद्रीय) अपील न्यायालयांच्या अधिकारितेवर तो आहे, म्हणजे वरवर पाहता विषय अगदी रूक्ष. पण न्यायाधीशाच्या लेखी हुकुमावर विसंबलेला माणूस दोन दिवसांनी कसा बुडाला, याची ही गोष्ट आहे. त्यामुळे इथल्या दिवाणी वकिलांपासून कायद्याच्या विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांना ती खटकते आणि मग प्रश्न येतात.

एका वाक्यात सांगायचं तर निकाल काय?

फेडरल जिल्हा न्यायालयाच्या दिवाणी निकालाविरुद्ध अपील करायला संसदेच्या कायद्यानं जी मुदत घातली आहे, ती अपील न्यायालयाच्या अधिकारितेचाच भाग आहे. ती टळली की त्या न्यायालयाला प्रकरण ऐकण्याचा अधिकारच उरत नाही, मग उशीर खालच्या न्यायाधीशाच्या चुकीमुळे झालेला का असेना. निकाल पाच विरुद्ध चार असा अटीतटीचा होता.

बोल्स कोण? त्याच्या बाबतीत नेमकं काय घडलं?

कीथ बोल्स हा ओहायो राज्यातला कैदी. १९९९ मध्ये ज्यूरीनं त्याला खुनाच्या आरोपात दोषी ठरवलं आणि पंधरा वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा झाली. राज्यातली अपिलं फेटाळली गेल्यावर सप्टेंबर २००२ मध्ये त्यानं फेडरल जिल्हा न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. आपली कैद घटनाबाह्य आहे, असं त्याचं म्हणणं. ९ सप्टेंबर २००३ रोजी तोही फेटाळला गेला.

आता इथून तारखा नीट बघा, कारण सगळं प्रकरण तारखांवरच उभं आहे. अपिलाची नोटीस दाखल करायला ३० दिवस होते. त्या ३० दिवसांत ती दाखल झाली नाही. अशा वेळी अमेरिकी कायद्यात एक छोटी खिडकी आहे : निकालाची सूचनाच वेळेत मिळाली नसेल, तर काही अटींवर जिल्हा न्यायालय अपिलाची मुदत पुन्हा खुली करून देऊ शकतं. ती किती दिवसांसाठी, हेही कायद्यातच लिहिलंय. १४ दिवस. बोल्सनं १२ डिसेंबर २००३ रोजी तसा अर्ज दिला. १० फेब्रुवारी २००४ रोजी न्यायाधीशांनी तो मंजूर केला आणि हुकुमात लिहिलं की नोटीस २७ फेब्रुवारीपर्यंत दाखल करावी.

१० तारखेपासून चौदा दिवस मोजले तर येतो २४ फेब्रुवारी, मंगळवार. सुट्टी नाही, शनिवार-रविवार नाही, म्हणजे ‘शेवटचा दिवस सुट्टीचा आला म्हणून पुढचा धरा’ ही सोयही नाही. न्यायाधीशांनी मात्र शुक्रवार, २७ तारीख दिली. सतरा दिवस. बोल्सच्या वकिलानं नोटीस दाखल केली गुरुवारी, २६ तारखेला. हुकुमाप्रमाणे एक दिवस आधी, कायद्याप्रमाणे दोन दिवस उशिरा.

न्यायाधीशांनी सतरा दिवस का दिले?

हुकुमात कारण दिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताच्या निकालपत्रातही हे अनाकलनीय असल्याचंच म्हटलंय. मोजण्यातली साधी चूक असावी.

खुनाचा खटला आणि अपिलाची मुदत दिवाणी, हे कसं?

हेबियस कॉर्पसची कारवाई अमेरिकेत दिवाणी स्वरूपाची मानतात. मूळ शिक्षा फौजदारी असली तरी ‘या माणसाला ताब्यात ठेवणं कायदेशीर आहे का’ हा स्वतंत्र दावा, आणि त्यात प्रतिवादी तुरुंगाचा अधिकारी. शीर्षकातला रसेल तो हाच. म्हणून दिवाणी अपिलाचे ३० दिवस लागू झाले.

वकिलानं स्वतः दिवस मोजायला नको होते का?

मोजायला हवे होते, हे खरंच. नियम छापील आहे आणि आकडा दोन अंकी आहे. आपल्याकडेही मुदतीची जबाबदारी पक्षकाराची आणि त्याच्या वकिलाचीच मानतात.

तरीही हा आक्षेप मला पुरता पटत नाही. हातात न्यायाधीशाच्या सहीचा हुकूम आहे, त्यात तारीख स्पष्ट लिहिली आहे, आणि ती तारीख बेकायदा असेल अशी शंका घेऊन वकिलानं पुन्हा पंचांग काढून बसावं, अशी अपेक्षा कोणत्या न्यायालयाला रुचेल? एरवी ‘कोर्टाचा हुकूम पाळला नाही’ म्हणून हाच वकील अडचणीत आला असता. शिवाय इथे चुकलेला वकील मोकळा राहतो, चुकलेले न्यायाधीश मोकळे राहतात, आणि तुरुंगात बसतो तो ज्याला दिवस मोजायची संधीच नव्हती.

अमेरिकेतली फेडरल अपील न्यायालयं म्हणजे आपली उच्च न्यायालयं का?

नाही, आणि ही गल्लत फार होते. आपलं मुंबई उच्च न्यायालय मूळ दावेही ऐकतं, रिटही ऐकतं, अपिलंही ऐकतं, आणि त्याला अनुच्छेद २२६ खाली घटनेनंच थेट अधिकार दिले आहेत. अमेरिकेतली फेडरल अपील न्यायालयं मुख्यतः अपिलंच ऐकतात. १८९१ च्या कायद्यानं ती जन्माला आली. आज ती तेरा आहेत : क्रमांकानं ओळखली जाणारी अकरा सर्किट (हद्दीप्रमाणे वाटलेली अपील न्यायालयं), राजधानी वॉशिंग्टनचं एक, आणि पेटंटसारखे ठरावीक विषय पाहणारं फेडरल सर्किट. बोल्सचं अपील गेलं सहाव्या सर्किटकडे. त्याचं मुख्यालय सिनसिनाटीला, आणि ओहायो, मिशिगन, केंटकी, टेनेसी ही चार राज्यं त्याच्या हद्दीत येतात.

इथे महत्त्वाचा मुद्दा असा की अमेरिकी घटनेनं थेट निर्माण केलं ते फक्त सर्वोच्च न्यायालय. खालची फेडरल न्यायालयं स्थापायची की नाही, हे संसदेवर म्हणजे काँग्रेसवर सोडलं. जी न्यायालयं संसदेनं घडवली त्यांचे अधिकारही संसदेनं दिले तेवढेच. बोल्सच्या विरोधातला सगळा युक्तिवाद या एका खिळ्यावर टांगलेला आहे.

मुदत ‘अधिकारितेची’ आहे असं म्हटल्यानं एवढा काय फरक पडतो? मुदत ती मुदतच ना?

सगळा फरक इथेच पडतो. मुदतीचे दोन प्रकार समजा.

पहिला प्रकार कामकाजाच्या शिस्तीचा. कागद वेळेवर यावेत, समोरच्याला ताटकळत बसावं लागू नये, म्हणून घातलेली मुदत. ती चुकली तर समोरच्यानं हरकत घ्यायची. त्यानं घेतली नाही, किंवा फार उशिरा घेतली, तर न्यायालय पुढे जातं. दोन्ही बाजू राजी असतील तर तक्रार उरत नाही. काही मुदतींत न्याय्य कारण दाखवून सूटही मागता येते.

दुसरा प्रकार अधिकारितेचा. इथे प्रश्न पक्षकारांच्या वागण्याचा नसतो, न्यायालयाच्या ताकदीचा असतो. समोरच्यानं चकार शब्द काढला नाही तरी न्यायालयानं स्वतःहून तो तपासायचा. कोणत्याही टप्प्यावर तो उपस्थित होऊ शकतो, अगदी दोन वर्षं सुनावणी होऊन गेल्यावरसुद्धा. संमतीनं अधिकार येत नाही. सहानुभूतीनंही येत नाही. कारण कितीही खरं असलं तरी ऐकून घेणाऱ्यालाच ऐकण्याचा अधिकार नसतो.

आपल्याकडच्या वकिलांना हे तत्त्व नवीन नाही. किरण सिंग विरुद्ध चमन पासवान या १९५४ च्या निवाड्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की अधिकारिता नसताना दिलेला हुकूमनामा शून्यवत, आणि तो दोष कुठेही, केव्हाही काढता येतो. नवल आहे ते हे तत्त्व मुदतीला चिकटवण्याचं. मुंबईच्या दिवाणी वकिलाला ‘मुदतबाह्य’ आणि ‘अधिकारिता नाही’ या दोन वेगळ्या हरकती वाटतात. लेखी कैफियतीत त्या दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहिल्या जातात. बोल्सच्या निकालानं एका विशिष्ट मुदतीपुरत्या त्या एकच करून टाकल्या.

बहुमतानं काय कारणं दिली?

निकालपत्र लिहिलं न्या. क्लॅरेन्स थॉमस यांनी. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स आणि न्या. स्कॅलिया, केनेडी, अलिटो त्यांच्या बाजूनं होते.

थॉमस यांची मांडणी सरळ आहे. काँग्रेस ठरवते की फेडरल न्यायालयांनी कोणती प्रकरणं ऐकायची. ज्याला ‘कोणती’ ठरवता येतं त्याला ‘किती काळापर्यंत’ हेही ठरवता येतं. चौदा दिवसांची मर्यादा नियमांच्या पुस्तकात आहेच, पण त्याआधी ती काँग्रेसनं केलेल्या कायद्याच्या कलमात आहे. न्यायालयांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेली मुदत न्यायालयं सैल करू शकतात; काँग्रेसनं घातलेली मुदत सैल करू शकत नाहीत. दिवाणी अपिलाची वैधानिक मुदत अधिकारितेची आहे, असं सर्वोच्च न्यायालय एकोणिसाव्या शतकापासून सांगत आलंय, आणि इतक्या जुन्या परंपरेवर बोळा फिरवायचं कारण नाही.

मग जिल्हा न्यायाधीशानं जास्तीचे तीन दिवस दिले त्याचं काय? काहीच नाही. कंडक्टरनं चुकून पुढच्या गावाचं तिकीट फाडून दिलं म्हणून एसटी तिथपर्यंत जात नाही, तसं हे. जिल्हा न्यायालय स्वतःलाच नसलेला अधिकार वरच्या न्यायालयाला देऊ शकत नाही.

हे कठोर वाटत असेल तर काय करायचं, याचंही उत्तर थॉमस देतात : काँग्रेसनं कायदा करून न्यायालयांना अशी मुदत माफ करण्याचा अधिकार द्यावा. न्यायालयानं तो स्वतःच्या हातानं घेऊ नये.

‘विशेष परिस्थिती’चा जुना अपवाद होता म्हणतात. तो काय होता?

होता, आणि याच निकालानं तो मोडीत काढला. १९६२ च्या हॅरिस ट्रक लाइन्स प्रकरणात कंपनीचा मुख्य वकील सुटीवर मेक्सिकोत होता. अपील करायचं की नाही याचा निर्णय त्याच्याशिवाय होईना. म्हणून मुदतवाढ मागितली, खालच्या न्यायालयानं दोन आठवडे दिले, आणि त्या वाढीव मुदतीत अपील दाखल झालं. नंतर ठरलं की मुदतवाढीला पुरेसं कारणच नव्हतं. तेव्हा सर्वोच्च न्यायालय म्हणालं, न्यायालयाच्या हुकुमावर विसंबून राहणाऱ्याला असं उघड्यावर टाकता येत नाही. १९६४ च्या थॉम्पसन प्रकरणातही तोच धागा : जिल्हा न्यायालय म्हणालं ‘अर्ज वेळेत आहे’, प्रत्यक्षात नव्हता, तरी पक्षकाराला वाचवलं.

बोल्सचा वकील हेच दोन निवाडे घेऊन उभा होता. थॉमस यांनी दाखवून दिलं की हा अपवाद अर्ध्या शतकात एकदाच वापरला गेला आहे, आणि अधिकारितेच्या अटीला न्यायालयानं मनानं अपवाद करणं बेकायदाच आहे. दोन्ही निवाडे त्या मर्यादेपर्यंत रद्द.

मेक्सिकोत सुटी घालवणाऱ्या वकिलाच्या कंपनीला जे मिळालं ते ओहायोच्या कैद्याला मिळालं नाही, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

भिन्नमत कोणाचं, आणि त्यात काय आहे?

न्या. डेव्हिड सूटर यांचं. न्या. स्टीव्हन्स, गिन्सबर्ग आणि ब्रेयर त्यांच्याबरोबर होते. सुरुवातीलाच ते तडक बोलतात : न्यायव्यवस्थेनं माणसांशी असं वागणं असह्य आहे, आणि या फसगतीला साधं तांत्रिक समर्थनही नाही, या आशयाचं. एरवी सूटर यांची भाषा जड. इथे ती तशी नाही.

पण भिन्नमत नुसतं चीड व्यक्त करून थांबत नाही. सूटर आठवण करून देतात की २००४ ते २००६ या काळात याच न्यायालयानं लागोपाठ निवाड्यांत कबूल केलं होतं की आपण ‘अधिकारिता’ हा शब्द फार ढिलेपणानं वापरत आलो आहोत. कोणता खटला न्यायालयात येऊ शकतो हे ठरवणारी अट ती अधिकारितेची. खटला कसा, केव्हा चालवायचा हे सांगणारी अट ती कामकाजाची. मुदत ही साहजिकच दुसऱ्या खात्यात जाते. एवढी शिस्त नुकतीच लावून घेतली आणि दीड वर्षाच्या आत तीच मोडली, असं त्यांचं म्हणणं. आणि अट कामकाजाची ठरली की न्याय्य अपवादाला जागा राहते. न्यायाधीशाच्याच हुकुमानं फसलेल्या माणसाहून अधिक योग्य अपवाद कोणता?

माझं मत सूटर यांच्या बाजूनं झुकतं, पण थॉमस यांचा युक्तिवाद तकलादू आहे असं मी म्हणणार नाही. शंभर-दीडशे वर्षांची निवाड्यांची रांग खरीच त्यांच्या पाठीशी होती. अडचण ही की त्या जुन्या निवाड्यांत न्यायालयाच्या चुकीनं फसलेला माणूस समोर उभा नव्हता. पाटी जुनी होती. ती इतक्या कठोरपणे या माणसावर लावायचीच, असं कायद्याच्या शब्दांत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मृत्युदंड झालेल्या कैद्याचा उल्लेख या निकालात का येतो?

थॉमस यांनी दिलेलं हे उदाहरण निकालपत्रातलं सगळ्यात अंगावर येणारं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्याच नियमाप्रमाणे उशिरा आलेली याचिका तिथला क्लार्क दाखलच करून घेत नाही. निकालाच्या काही महिने आधी मृत्युदंडाच्या एका कैद्याची याचिका एक दिवस उशिरा आली म्हणून परत गेली. एप्रिल २००७ मध्ये त्याचा मृत्युदंड अमलात आला. एकाही न्यायाधीशानं त्याची याचिका पाहिलेली नव्हती. थॉमस यांचा रोख असा : आम्ही स्वतः जर इतके काटेकोर, तर बोल्सला वेगळा न्याय कसा देणार? वाचणाऱ्याच्या मनात मात्र उलटाच प्रश्न उभा राहतो.

हे प्रकरण भारतात घडलं असतं तर?

बहुतेक सुटला असता, आणि तेही कायद्याच्या शब्दांवरच.

मुदत कायदा, १९६३ च्या कलम ५ खाली अपिलाला झालेला विलंब पुरेसं कारण दाखवल्यास माफ होतो. विलंबमाफीचा अर्ज आणि सोबत प्रतिज्ञापत्र, हे प्रकरण जिल्हा न्यायालयाच्या कोणत्याही बार रूममध्ये रोजचं आहे. पण त्याच कलमाखाली एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. मुदत मोजताना उच्च न्यायालयाच्या हुकुमानं, प्रघातानं किंवा निकालानं पक्षकाराची दिशाभूल झाली असेल, तर ते पुरेसं कारण ठरू शकतं, असं कायदाच सांगतो. शब्द उच्च न्यायालयाचे आहेत, पण विचार तोच जो बोल्सला हवा होता.

दुसरा आधार जंग सिंग विरुद्ध बृजलाल. पंजाबमधलं जमिनीच्या अग्रक्रयाधिकाराचं (विकली जाणारी जमीन इतरांआधी विकत घेण्याच्या हक्काचं) प्रकरण, आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९६३ मध्ये निकाली काढलेलं. जंग सिंगनं ठरल्या तारखेपर्यंत ४,९५१ रुपये भरायचे होते. चलन न्यायालयाच्या कचेरीत तयार झालं आणि त्यात आकडा पडला ४,९५० रुपये. त्यानं चलनाप्रमाणे भरणा केला. एक रुपया कमी पडला म्हणून समोरचा पक्ष म्हणाला, हुकूमनामा पाळला नाही, दावा बुडाला. न्या. हिदायतुल्ला यांच्या निकालपत्रातलं उत्तर आजही उद्धृत होतं : न्यायालयाच्या कृतीनं कोणाचं नुकसान होऊ नये, यापेक्षा मोठं तत्त्व न्यायालयापुढे नाही. त्याला एक रुपया भरायची संधी मिळाली.

तिथे एक रुपया, इथे दोन दिवस. चूक दोन्हीकडे न्यायालयाची.

म्हणजे भारतीय कायदा नेहमी उदार असतो?

अजिबात नाही. आपल्याकडेही अशा मुदती आहेत जिथे न्यायालयाचे हात बांधलेले असतात. लवादाचा निवाडा रद्द करून घ्यायचा अर्ज तीन महिन्यांत करायचा. पुरेसं कारण असेल तर आणखी ३० दिवस, ‘पण त्यानंतर नाही’ असं कायद्यात स्पष्ट आहे. २००१ च्या पॉप्युलर कन्स्ट्रक्शन प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, या शब्दांपुढे कलम ५ चालणार नाही. निवडणूक याचिकेचे ४५ दिवसही तसेच. हुकुमदेव नारायण यादव प्रकरणात ते ठरलं. तिथे विलंबमाफीचा अर्ज घेऊन गेलात तर तोंडावर पडाल.

फरक असा की आपल्याकडे कठोर मुदत हा अपवाद, आणि तो विशेष कायद्यातल्या नेमक्या शब्दांतून काढला जातो. बोल्सच्या निकालानं अमेरिकेत सर्वसाधारण दिवाणी अपिलालाच ती कठोरता लावली.

बोल्सचा निकाल आजही लागू आहे का?

लागू आहे. रद्द झालेला नाही. पण त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानंच त्याच्याभोवती इतकं कुंपण घातलंय की त्याची हद्द बरीच आक्रसली आहे.

२०११ मध्ये हेंडरसन प्रकरण आलं. कोरियन युद्धातला माजी सैनिक, मानसिक आजारामुळे अपील पंधरा दिवस उशिरा. तिथला विषय होता प्रशासकीय निर्णयावरून माजी सैनिकांच्या खास न्यायालयात जाण्याचा. एकमतानं ठरलं की ती १२० दिवसांची मुदत अधिकारितेची नाही. निकाल येण्याआधी हेंडरसन वारला होता.

२०१७ चं हेमर प्रकरण तर बोल्सचं जुळं भावंड वाटतं. शिकागोतल्या एका महिलेचा नोकरीतल्या भेदभावाचा दावा फेटाळला गेला, वकील बाजूला झाले, न्यायाधीशांनी अपिलाची मुदत १४ डिसेंबर २०१५ पर्यंत वाढवली. नियमाप्रमाणे ती १३ नोव्हेंबरच्या पुढे जाऊच शकत नव्हती. ११ डिसेंबरला नोटीस दाखल झाली. समोरच्या पक्षानं आधी अपील न्यायालयाला कळवलं की नोटीस वेळेत आहे. शंका काढली ती अपील न्यायालयानंच. सातव्या सर्किटनं बोल्सचं बोट धरून अपील फेटाळलं. सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं तो निकाल फिरवला.

हेमर वाचली आणि बोल्स बुडाला. चूक तर एकच होती ना?

न्यायाधीशाची चूक एकच, पण मर्यादा कुठे लिहिली होती ते वेगळं. बोल्सचे चौदा दिवस काँग्रेसच्या कायद्यात होते. हेमरच्या प्रकरणात वाढीव मुदतीवरची ३० दिवसांची मर्यादा न्यायालयानं केलेल्या नियमावलीतच होती; तशा प्रसंगासाठी कायद्यात ती मर्यादा नव्हती. न्या. गिन्सबर्ग यांनी निकालपत्रात रेघ ओढली : एका फेडरल न्यायालयाकडून दुसऱ्याकडे जाण्याची मुदत कायद्यात असेल तर अधिकारितेची, निव्वळ नियमात असेल तर कामकाजाची.

रेघ स्वच्छ आहे, पण न्याय्य वाटते का? पक्षकाराच्या दृष्टीनं कायद्याचं कलम आणि नियमाचं पोटकलम यांत काय फरक? दोन्ही ठिकाणी त्यानं न्यायाधीशावर विश्वास ठेवला. या रेघेनं बोल्सला वाचवलं नाही, पण बोल्ससारखे पुढचे बरेच जण वाचतील एवढी सोय केली.

अलीकडचे निकाल कोणते?

दोन सांगण्यासारखे आहेत.

मे २०२४ मधला हॅरो प्रकरणाचा. संरक्षण खात्याचा एक नागरी कर्मचारी, २०१३ च्या खर्चकपातीत सहा दिवसांची बिनपगारी सक्तीची रजा, त्यावर तक्रार. तक्रार ऐकणाऱ्या मंडळावर पुरेसे सदस्यच नव्हते, त्यामुळे पाच वर्षांहून अधिक काळ काम ठप्प. २०२२ मध्ये निर्णय आला तो त्याच्या बंद झालेल्या ईमेल पत्त्यावर. फेडरल सर्किटकडे जायला ६० दिवस होते. त्याला निर्णय कळला तोवर ते संपले होते. ही मुदत कायद्यात आहे, म्हणून सरकारनं बोल्स पुढे केला. न्या. केगन यांनी एकमताच्या निकालात म्हटलं, बोल्स फक्त एका घटनात्मक फेडरल न्यायालयातून दुसऱ्यात जाणाऱ्या अपिलांपुरता. मंडळ हे न्यायालय नाही, तेव्हा तो इथे चालत नाही.

दुसरा जून २०२५ मधला पॅरिश. बोल्सनं जी खिडकी वापरली, नेमकी तीच. कैद्याचा दावा फेटाळल्याची सूचना जुन्या तुरुंगाच्या पत्त्यावर गेली. त्याला ती तीन महिन्यांनी मिळाली. त्यानं लगेच अपिलाची नोटीस पाठवली. जिल्हा न्यायालयानं मुदत १४ दिवसांसाठी पुन्हा खुली केली. त्यानं त्या चौदा दिवसांत दुसरी नोटीस दिली नाही, कारण एक आधीच दिलेली होती. चौथं सर्किट म्हणालं, मग आम्हाला अधिकारिता नाही. यावेळी खुद्द सरकारनंही कैद्याचीच बाजू घेतली. आठ विरुद्ध एक मतांनी सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की आधी दिलेली नोटीस पुरेशी आहे. मुदत खुली झाली की ती आपोआप लागू होते. निकालपत्र न्या. सोटोमायोर यांचं. थॉमस यावेळी कैद्याच्या बाजूच्या आठांत होते.

काँग्रेसनं कायदा बदलला का?

मुदतमाफीचा अधिकार दिला नाही. २००९ मध्ये याच कलमात एक दुरुस्ती झाली : सूचना मिळाल्यावर मुदत खुली करण्याचा अर्ज करायला आधी ७ दिवस होते, ते १४ झाले. खुली झालेली मुदत मात्र १४ दिवसांचीच राहिली. थॉमस यांनी काँग्रेसकडे टोलवलेला चेंडू तिथेच पडून आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाचा याच्याशी काय संबंध?

ग्रीन कार्ड किंवा व्हिसाच्या रखडलेल्या अर्जावर इमिग्रेशन खात्याविरुद्ध फेडरल जिल्हा न्यायालयात दावा लावणारे आपले लोक आहेत. असा दावा फेटाळला गेला, तर अपिलाला ६० दिवस मिळतात, कारण प्रतिवादी अमेरिकी सरकार. दोन खासगी पक्षांतला दावा असेल, समजा नोकरीतल्या भेदभावाचा, तर ३० दिवस. या दोन्ही मुदती कायद्यात आहेत, म्हणजे थेट बोल्सच्या तावडीत. फौजदारी खटल्यात आरोपीला १४ दिवस. ती मुदत नियमातली आहे, पण सरकारी पक्षानं हरकत घेतली तर ती चुकणं महागातच पडतं.

देशाबाहेर काढण्याच्या हुकुमाचं वेगळं आहे. इमिग्रेशन अपील मंडळाच्या अंतिम हुकुमाविरुद्ध सर्किट न्यायालयात ३० दिवसांत जावं लागतं. ही मुदतसुद्धा अधिकारितेची आहे असं १९९५ पासून समजलं जात होतं. जून २०२५ मध्ये रायली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ती अधिकारितेची नसल्याचं सांगितलं. पण म्हणून ती ढिली झाली असं कोणी समजू नये. मुदत बंधनकारकच आहे आणि ती केव्हापासून मोजायची, यावर त्याच निकालात न्यायाधीशांत मतभेद आहेत.

मग न्यायाधीशानं मुदत वाढवून दिली तर ती वापरायची की नाही?

वापरा, पण आधी कलम उघडून दिवस मोजा, आणि दोन तारखांमधली अलीकडची धरा. अपिलाची नोटीस हा तिकडे एका पानाचा कागद असतो : कोण अपील करतंय, कोणत्या निकालाविरुद्ध, कोणत्या न्यायालयाकडे. आपल्याकडच्या अपिलाच्या मेमोसारखे मुद्दे त्यात मांडायचे नसतात, नक्कल मिळेपर्यंत थांबायचं नसतं. मुद्द्यांचं लिखाण नंतर येतं. त्यामुळे शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबण्याचं व्यावहारिक कारणच नसतं. कैद्यांसाठी एक सवलत १९८८ पासून आहे : नोटीस तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या हाती दिली तो दिवस दाखल झाल्याचा दिवस धरतात.

बोल्सच्या मूळ तक्रारीत दम होता का?

सहाव्या सर्किटनं आणि सर्वोच्च न्यायालयानं ते तपासलंच नाही. अधिकारिता नाही म्हटल्यावर गुणदोषांवर एक ओळही लिहिता येत नाही, त्यामुळे जिल्हा न्यायालयाचा सप्टेंबर २००३ चा नकार तसाच राहिला.